मोळी आधी, गाडी नंतर: एचओ स्केलच्या गाडीवर काढघाल करता येणारे ओंडके

ऊसतोड चालू असलेल्या फडाशेजारी पाच मिनिटं उभं राहून बघा. सुटा ऊस कुणी ट्रॉलीत फेकत नाही. आधी वाढ्याने मोळी आवळतात, मग ती डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढतात. मोळी स्वतःशी घट्ट असते. ट्रॉलीवर ती फक्त ठेवायची आणि कारखान्यावर उचलायची. मॉडेल रेल्वेच्या गाडीवर लाकडाचे ओंडके बसवताना हे साधं शहाणपण यायला मला दोन वर्षं लागली.

पहिल्या खेपेला मी ओंडके सुटे रचले आणि वरून साखळी घेऊन तिची टोकं गाडीला दोन्ही बाजूंनी अडकवली. टेबलावर फार देखणं दिसत होतं. मित्राच्या लेआउटवर, म्हणजे त्याच्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर, गाडी बोगद्यात शिरली, वरचा ओंडका इंचभर सरकला आणि बोगद्याच्या तोंडाशी तिरका अडकला. इंजिन ओढतच राहिलं. मागच्या पाच गाड्या आत आडव्या झाल्या आणि प्लास्टरच्या डोंगरात खांद्यापर्यंत हात घालून मी एकेक चाक चाचपून बाहेर काढत बसलो. साखळीचं एक टोक शेवटपर्यंत इमानदारीने गाडीला धरून होतं!

मग ओंडके गाडीलाच कायमचे चिकटवून का टाकू नयेत? कारण लाकूड वाहणारी गाडी डोंगरात रिकामी जाते आणि भरून खाली येते. माल चिकटवला की ती वर जातानाही भरलेली आणि येतानाही भरलेली. दोन फेऱ्यांत बघणाऱ्याच्या ते लक्षात येतं, आणि लहान मूल असेल तर पहिल्याच फेरीत. शिवाय करवतीच्या गिरणीवर माल उतरवणं हाच या लेआउटवरचा अर्धा खेळ आहे.

आधी खरी गाडी समजून घ्या

अमेरिकेच्या वायव्य भागात, वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांत, डग्लस फरची प्रचंड खोडं जंगलातून गिरणीपर्यंत रेल्वेने यायची. त्यासाठीची खास गाडी म्हणजे स्केलेटन कार, नावाप्रमाणे नुसता सांगाडा. मधोमध एक जाड तुळई, दोन टोकांना बोग्या (म्हणजे डबे नव्हेत, चाकांच्या चौकटी) आणि तुळईवर दोन आडव्या बैठका, ज्यांना बंक म्हणतात. खाली फळ्या नाहीत, बाजूला भिंती नाहीत. बंकच्या टोकांना उभे खुंटे किंवा पाचरीसारखे ठोकळे असायचे. त्यांनी खालची रांग अडवायची, वरचे ओंडके दोन ओंडक्यांमधल्या खोबणीत बसायचे आणि साखळी सगळ्यांवरून यायची. कॅनडात व्हँकुव्हर बेटावरची एंगलवुड रेल्वे २०१७ पर्यंत अशा गाड्या चालवत होती, त्यामुळे रंगीत फोटो भरपूर सापडतात. काम सुरू करण्याआधी एक संध्याकाळ ते बघण्यात घालवा.

डिसकनेक्ट नावाचा आणखी एक प्रकार होता. त्यात गाडीच नाही, दोन सुट्या बोग्या आणि त्यांना जोडणारे खुद्द ओंडके. दिसायला अफलातून, पण माल उचलला की तुमच्या हातात गाडी उरतच नाही. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

पुण्यात कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय पाहून ज्यांना हा छंद लागला, त्यांनी एचओ स्केल पाहिलेलंच आहे: १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मि.मी. पुढची सगळी मापं त्याच स्केलची आहेत. केडी, बॅकमन, रिव्हारोसी या कंपन्यांनी एचओमध्ये ओंडक्यांच्या गाड्या काढल्या आहेत. जी मिळेल ती घ्या, पण बंकमधलं अंतर स्वतः मोजा. ३२ फुटी खरा ओंडका एचओमध्ये ११२ मि.मी. होतो, ४० फुटी १४० मि.मी. अडीच फूट व्यासाचं खोड म्हणजे जेमतेम ९ मि.मी. मी सुमारे ४० फुटी गाडीवर ३२ फुटी ओंडके ठेवतो. दोन्ही टोकांना कपलरच्या, म्हणजे गाड्या जोडणाऱ्या आकड्याच्या, वर मोकळी जागा राहते आणि वळणावर शेजारच्या गाडीचा माल एकमेकांना घासत नाही.

काड्या

इथे आपण अमेरिकेतल्या छंदिष्टांपेक्षा नशीबवान आहोत. तुराट्या! मराठवाड्या-विदर्भात बांधावर, चुलीशेजारी ढीग पडलेले असतात. तुरीच्या जाड काडीच्या सालीवर उभ्या रेघा असतात, आणि जुन्या डग्लस फरच्या सालीवरही खोल उभ्या भेगाच असतात. १:८७ मध्ये डोळा सहज फसतो. कपाशीच्या पऱ्हाट्याही चालतात, पण त्यांची साल धाग्यासारखी सुटून येते आणि करवत लावली की टोकाला मिशा फुटतात. शहरात असाल तर डाळिंबाची किंवा मेंदीची छाटणी मिळते का बघा. कढीपत्त्याची काडी मी वापरली नाही. ती फार गुळगुळीत वाटते.

८ ते १० मि.मी. जाडीच्या सरळ काड्या निवडा. फांदी फुटलेल्या जागेची गाठ एखाद्या ओंडक्यावर असू द्या, छान दिसते, पण ती बाहेरच्या बाजूला येईल असं बघा. सावलीत तीन आठवडे वाळवा. त्यानंतर तासभर ओव्हनमध्ये ९०-१०० अंशांवर ठेवा आणि तिथेच बसून राहा. ओव्हन नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये. हे टाळलंत तर पावसाळ्यात एक दिवस गाडीखाली पिवळट भुकटी दिसेल, म्हणजे आत घुणा लागला. माझी एक पूर्ण रेक अशी गेली आहे.

कापायला बागेची कात्री नको. ती टोक चेपते. ३२ दात्यांचं हॅकसॉ ब्लेड हातात धरून, काडी हळूहळू फिरवत कापा. टोकाला ४०० नंबरचा पॉलिशपेपर. मध्ये पांढरा भेंड दिसेल, खऱ्या ओंडक्यात तो एवढा मोठा नसतो. तिथे लाकडाचा बुरा आणि गोंद भरून वर फिकट बदामी रंगाचा ठिपका द्या. शेवटी मॅट वॉर्निश पातळ करून दोन हात. कापलेल्या टोकांना नक्की लावा, कारण दमट हवा तिथूनच आत शिरते. चकचकीत वॉर्निश लावलंत तर ओंडके गुलाबजामसारखे दिसतील.

वजन

नवशिके हा भाग वगळतात आणि मग रुळांना नावं ठेवतात. अमेरिकेतल्या एनएमआरए या छंदिष्टांच्या संघटनेची शिफारस अशी: एचओ गाडीचं वजन १ औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. साडेपाच इंची गाडीला पावणेचार औंस, म्हणजे सुमारे १०६ ग्रॅम. माझी रिकामी स्केलेटन गाडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३८ ग्रॅम भरते. सांगाड्यात वजन लपवायला जागाच नसते, म्हणून ते मालात लपवायचं.

रचना साधी आहे: खाली ३, त्यावर २, वर १. खालच्या रांगेतला मधला ओंडका कुणाला दिसत नाही, दिसतात फक्त त्याची टोकं. तिथे लोखंडी सळी घाला. बांधकामावरच्या कुणालाही सळीच्या वजनाचं सूत्र पाठ असतं, व्यासाचा वर्ग भागिले १६२. ८ मि.मी.ची सळी मीटरला ०.३९५ किलो, म्हणजे १०४ मि.मी.च्या तुकड्याचं वजन ४१ ग्रॅम. दोन्ही टोकांना काडीची ४-४ मि.मी.ची चकती चिकटवली की लांबी ११२ होते. पाच लाकडी ओंडके साधारण २० ग्रॅम. गाडी धरून बेरीज ९९, साखळी आणि गोंद आल्यावर शंभरीच्या जरा वर. एवढ्यावर माझ्या गाड्या समाधानाने चालतात. वजन अगदी तळाशी असल्यामुळे वळणावर गाडी कलंडत नाही, हा खरा फायदा.

सळीवर मास्किंग टेप गुंडाळून तिची जाडी ९ मि.मी. करा आणि तपकिरी रंग द्या. नुसत्या लोखंडावर गोंद नीट धरत नाही आणि पहिल्याच जुलैत गंज लाकडावर उतरतो.

रिकाम्या गाड्या हलक्याच राहणार, त्याला इलाज नाही. त्या रेकच्या शेवटी लावा. भरलेल्या गाड्यांच्या पुढे रिकामी जोडलीत तर घट्ट वळणावर ओढ बसून ती आतल्या बाजूला उचलली जाते.

मोळी बांधणं

मोळी गाडीवर बांधू नका. सनबोर्डच्या तुकड्यावर दोन पट्ट्या समांतर उभ्या चिकटवा; त्यांच्यामधलं अंतर गाडीच्या खुंट्यांमधल्या अंतरापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी. बंकच्या जागी दोन आडव्या काड्या लावा. हा झाला साचा. आतून बटरपेपर अंथरा, नाहीतर मोळी साच्यातून निघणार नाही आणि नवा साचा करावा लागेल.

खालची रांग ठेवा: लाकूड, सळी, लाकूड. काडी एका टोकाला जाड असतेच, तेव्हा बुंधा-शेंडा उलटसुलट लावा म्हणजे ढीग एका बाजूला उतरत नाही. टोकं अगदी एका रेषेत आणू नका. एखादा ओंडका दोन मिलिमीटर पुढे, एखादा मागे. जिथे दोन ओंडके खरोखर टेकतात तिथे सुपरग्लूचा एकेक थेंब. हा फक्त जागेवर धरण्यासाठी. खरी पकड दोन भागांच्या इपॉक्सीची. ती काडीपेटीतल्या काडीने ओंडक्यांमधल्या आतल्या घळीत सोडा, जिथे वरची रांग बसल्यावर काही दिसणार नाही. लाकडाचा साधा पांढरा गोंद मी या कामाला वापरत नाही. कोकणातल्या एका पावसाळ्यात माझ्या चार मोळ्या त्याच्यामुळे सैल झाल्या.

रात्रभर ठेवा. सकाळी मोळी साच्यातून काढून हातात धरून हलवा. कुठेही खडखड आली तर ती मोळी झालेली नाही, पुन्हा इपॉक्सी. इथे दयामाया नको.

गाडीवर बसवणं: पिना

मोळीच्या तळातून दोन पितळी पिना निघाव्यात आणि बंकमधल्या दोन भोकांत उतराव्यात, इतकंच. मध्ये सळी असल्यामुळे पिना बाजूच्या ओंडक्यांत येतील: पुढच्या बंकवर डाव्या ओंडक्यात, मागच्या बंकवर उजव्या. तिरक्या. दोन्ही पिना मोळीच्या मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवल्यात तर मोळी फिरवून उलट्या तोंडाने ठेवली तरी बसते. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, तुम्ही पहिल्या दिवसापासून करा.

पातळ पत्र्याची एक पट्टी घ्या, तिच्यावर ही दोन भोकं आखून पाडा. सगळ्या गाड्या आणि सगळ्या मोळ्या याच पट्टीने छेदायच्या, म्हणजे कुठलीही मोळी कुठल्याही गाडीवर बसेल. एकच सापळा आहे. गाडीला भोक वरून पाडतो, मोळीला तळातून, म्हणजे मोळी उलटी धरून. तेव्हा पट्टीही पालथी करायला हवी, नाहीतर तिरकेपणा उलट्या दिशेने येतो. माझ्या पट्टीच्या एका अंगावर कायम शाईच्या पेनने ‘गाडी’ लिहिलंय आणि दुसऱ्यावर ‘मोळी’. हे लिहिण्याआधी तीन मोळ्या वाया गेल्या होत्या.

बंकमध्ये १ मि.मी.चं भोक, पिन-व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलने, सावकाश. घड्याळजींची हत्यारं विकणाऱ्या दुकानात तो मिळतो. मोळीत ०.८ मि.मी.चं भोक ५ मि.मी. खोल, त्यात ०.८ ची पितळी तार सुपरग्लूने बसवा आणि अडीच मिलिमीटर बाहेर ठेवा. तारेचं टोक कानशीने गोल करा, म्हणजे भोक शोधत बसावं लागत नाही. आता गाडीवरचं एक भोक गोलच ठेवा आणि दुसरं बारीक कानशीने पहिल्याच्या दिशेने थोडं लांबट करा. गोल भोक मोळीची जागा ठरवतं. लांबट भोक तिला वळू देत नाही, पण अर्ध्या मिलिमीटरची चूक पोटात घालतं. दोन्ही भोकं गोल आणि घट्ट ठेवली, तर पावसाळ्यात लाकूड किंचित फुगलं की मोळी बसेनाशी होते. शेवटी गाडी उलटी करून बघा: पिन बंकच्या खालून बाहेर येऊन बोगीला किंवा चाकाला अडत नाही ना?

पिना मोळीला पुढे-मागे आणि बाजूला सरकू देत नाहीत. वर उचलायला काहीच अडवत नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे.

लोहचुंबकाचं काय?

प्रत्येक नवशिका हे विचारतो. ३ × १ मि.मी.चे निओडिमियम चुंबक स्वस्त असतात, आणि चपट्या तळाच्या मालाला मी ते आनंदाने लावतो. या गाडीला मात्र शक्यतो नाही. केडीसारखे कपलर रुळांखालच्या चुंबकाने सुटतात. कपलरच्या जवळ मालातला चुंबक आला की गाडी नको तिथे सुटू शकते, किंवा रुळांखालच्या चुंबकावर येऊन अडखळते. प्रदर्शनात मुलं हात लावतात म्हणून लावायचाच असेल तर एकच, मागच्या-पुढच्या बंकांपैकी कुठल्याही एका बंकवर, कपलरपासून निदान २५ मि.मी. दूर, आणि समोर दुसऱ्या चुंबकाऐवजी लोखंडी चकती. दोन चुंबक समोरासमोर असले की मोळी उचलताना गाडीही उचलली जाते. ध्रुवांच्या भानगडीतूनही सुटका.

साखळी

साखळी फक्त शोभेची आहे, हे मनाशी पक्कं करा. एचओसाठी इंचाला ४० कड्यांची साखळी बरोबर दिसते. मॉडेलच्या दुकानात ती मिळते, पण आधी तुळशीबागेत किंवा तुमच्या गावच्या नकली दागिन्यांच्या दुकानात सगळ्यात बारीक कोणती आहे ते विचारा. सोनेरी असली तरी हरकत नाही. पातळ काळ्या ॲक्रिलिकमध्ये बुडवून वाळवा, वर गंजाच्या रंगाचा कोरडा ब्रश फिरवा.

एक टोक खालच्या बाहेरच्या ओंडक्याच्या पोटाशी सुपरग्लूने चिकटवा. दहा मिनिटं थांबा. साखळी वरून घेऊन दुसऱ्या बाजूला सोडा आणि तिच्या टोकाला कपड्यांचा चिमटा लटकवा. चिमट्याच्या वजनाने ती ओंडक्यांच्या सालीत रुतते, एकेक कडी उंचवट्यावर वळते. आता शिवणाच्या सुईच्या टोकावर सुपरग्लू घेऊन जिथे साखळी लाकडाला टेकते तिथे टिपत जा. भरपूर ओतलंत तर कड्यांमधल्या फटी बुजून ती तारेसारखी दिसेल. वाळल्यावर खालच्या ओंडक्याच्या पोटाशी चिकटवून चिमट्याकडचं टोक कापा. दोन्ही टोकं मोळीवरच संपतात, गाडीला कुठेच शिवत नाहीत. अशा दोन साखळ्या, बंकच्या जरा आत.

रुळावर

आधी गाडी हातात धरून तीस अंश कलती करा. मोळी हलता कामा नये. मग लेआउटवरचं सगळ्यात घट्ट वळण, सगळ्यात वाईट सांधा आणि सगळ्यात बुटका बोगदा, याच क्रमाने. एनएमआरएची पत्र्याची मापपट्टी असेल तर बोगद्यात ती फिरवून बघा, नसेल तर मोळीवर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून ढकला. ओढून जमलं की उलटं ढकलून बघा. लपलेले दोष तिथे बाहेर येतात.

वेग कमी ठेवा. शे इंजिनं, म्हणजे ओहायोतल्या लिमा कारखान्याची गिअरवाली इंजिनं, खेचायला दणकट पण पळायला मंद. ताशी १२ मैल म्हणजे एचओमध्ये सेकंदाला साधारण ६ सें.मी.; तीन फुटांचा सरळ रूळ पार करायला १५ सेकंद लागले पाहिजेत. घड्याळ लावून एकदा बघा, तुम्ही आजवर किती पिटाळत होता ते कळेल.

मोळी उचलताना खालच्या दोन ओंडक्यांना चिमटीत धरा, साखळीला कधीच नाही. ठेवायला मी मिठाईचा चपटा खोका वापरतो. तळाशी जाड स्पंज, त्यात पिना टोचून मोळ्या उभ्या राहतात. पावसाळ्यात आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकतो. माझ्या आठ गाड्या आहेत आणि मोळ्या अकरा. त्या जादा तीन मोळ्या गिरणीच्या तळ्याशेजारी पडलेल्या असतात, कारण उतरवलेला माल दिसायलाही हवा.